मदत हवी आहे: रोपाच्या खड्ड्यात शेणखत एका बाजूला द्यावे की सगळीकडे कालवावे?

नमस्कार. मुलुंडमधील आमच्या सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला बहावा, करंज आणि ताम्हण यांची रोपे लावायची आहेत. तेथे मूळ मुरमावर बांधकामाचे डेब्रिज आणि त्यावर बाहेरून आणलेली लाल माती पसरलेली असल्यामुळे हातभर अंतरावर जमिनीचा कस बदलतो.

करंजाच्या एका रोपाची पिशवी कापली तेव्हा शेणखताचा न फुटलेला गोळा एका बाजूला सापडला. त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक मुळांची दाट जाळी झाली होती, उरलेल्या मातीत मात्र मोजकीच जाड मुळे सरळ खाली गेलेली होती. वनस्पतिशास्त्रज्ञ ड्रू यांनी १९७५ मध्ये जवावर केलेला प्रयोग यासारखाच आहे: मुळाच्या एकाच भागाला नायट्रेट, अमोनियम किंवा फॉस्फेट भरपूर मिळाले की तेथे उपमुळे जोमाने फुटत, पोटॅशियमने मात्र तसे होत नसे. अर्थात जव हे तृणधान्य आहे. झाडांमध्ये काही जाती सुपीक जागी बारीक मुळे झपाट्याने वाढवतात, तर जाड मुळांच्या अनेक जाती तेच काम मुळांवरील सहजीवी बुरशीच्या तंतूंवर सोपवतात.

माझी खरी अडचण पुढे आहे. फॉस्फरस मातीत फारसा सरकत नाही आणि लाल मातीतील लोहाची ऑक्साइडे त्याला धरून ठेवतात. त्यामुळे खत सगळ्या मातीत कालवण्यापेक्षा एके ठिकाणी दिलेले बरे, असे मला वाटते. नायट्रेटचे, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या नत्राच्या रूपाचे, वागणे नेमके उलटे असते: ते पाण्याबरोबर सहज सरकते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तेव्हा मुळे तेथवर पोहोचण्याआधीच ते धुऊन जाणार नाही का? शिवाय कुंपणालगतच्या जुन्या सुबाभळीची मुळे त्या खतावर आधी हक्क सांगतील, ही भीती आहेच.

करंजाच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या, म्हणजे हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणणाऱ्या, गाठी येतात. बहावा शेंगवर्गीय असूनही त्याला त्या येत नाहीत. मग तिन्ही जातींचे खड्डे एकाच पद्धतीने भरणे योग्य आहे का? आणि खत एकाच बाजूला दिल्यास मुळे तिकडेच एकवटून पुढे वादळी वाऱ्यात झाडाचा तोल जाण्याचा धोका कितपत असतो? अशा भरावाच्या जमिनीत ज्यांनी झाडे वाढवली आहेत, त्यांनी जातीचे नाव आणि खत किती खोलीवर दिले हे कृपया आवर्जून लिहावे.