हाकुओकी: रेइमेइरोकुशिवाय हिजिकाता कळतो का? (भरपूर स्पॉयलर)

रातराणी:
माझं मत आधीच सांगून टाकते, मूळ हाकुओकी (शिनसेनगुमी या सामुराई दलावरचा जपानी प्रेमकथा-गेम, २००८, पीएस२) एकटा खेळलात तर ही माणसं आवडतात, जीव लागतो, पण ती अशी का झाली हे कळायला त्याचा प्रीक्वेल रेइमेइरोकुच लागतो. मूळ गेममध्ये नायिका चिझुरु वडिलांना शोधत क्योतोत येते तोवर शिनसेनगुमी उभी राहिलेली असते, दलाचा उपप्रमुख हिजिकाता आधीच ‘ओनी’ (राक्षस) म्हणून ओळखला जातो, आणि दलाच्या सुरुवातीच्या प्रमुखांपैकी एक, सेरिझावा कामो, याचा खून होऊन गेलेला असतो, त्याचं नुसतं नाव कानावर येतं. रेइमेइरोकु (२०१०) तिथून मागे जातो. १८६३, एदोहून (आजचं टोक्यो) आलेले रोनिन (धनी नसलेले सामुराई) क्योतोच्या मिबू गावात यागींच्या घरी उतरलेत, खिशात दमडी नाही, गावातले लोक त्यांना मिबूचे लांडगे म्हणतायत. आणि हे सगळं आपण बघतो र्यूनोसुकेच्या डोळ्यांनी, सेरिझावाने रस्त्यात भुकेने मरता मरता उचललेला आणि कुत्रा म्हणून हाका मारून राबवलेला पोरगा. तो सेरिझावाचा राग राग करतो आणि तरी त्याला सोडून जाता येत नाही. सेरिझावा दारुडा आहे, लोखंडी पंख्याने मारतो, पण हिजिकाताला राक्षस व्हावं लागेल हे तोंडावर सांगणारा माणूसही तोच, आणि त्याच हिजिकाताला पुढे त्याचाच काटा काढावा लागतो. हे बघितल्यावर मूळ गेममधला हिजिकाताचा कोरडेपणा मला वेगळाच दिसायला लागला.

धुकं:
नाही पटलं. जे कळायलाच हवं ते मूळ गेमने सांगायला हवं, दोन वर्षांनी वेगळं विकत देऊन नाही. आणि मूळ गेमने ते सांगितलंय की! हिजिकाताचा रूट (त्याच्याभोवती फिरणारी कथेची वाट) घ्या, तामाच्या शेतकऱ्याचा पोरगा, सामुराई व्हायचं म्हणून आयुष्य घातलंय, आणि १८६८ मध्ये नागारेयामाला दलाचा प्रमुख कोन्दो याला मागे सोडून निघावं लागतं तेव्हा त्याची जी अवस्था होते त्यात सगळं आलं. दलातल्या हारादाच्या पोटावरचा व्रण घ्या. तुला सेप्पुकु तरी करता येतो का म्हणून कुणीतरी डिवचलं आणि याने खरंच पोटात खुपसून घेतलं, एवढं सांगितलं की माणूस उभा राहतो, त्याला आणखी दहा तासांचं प्रीक्वेल कशाला? शिवाय रेइमेइरोकु गेम इंग्रजीत आलेलाच नाही, आपण बहुतेक जण २०१२ चा अ‍ॅनिमे आणि कुणीतरी प्रेमाने लिहून ठेवलेले सारांश यावर बोलतोय. जपानी न येणाऱ्याला अर्धवट माणूस मिळतो, असं म्हणायचंय का तुम्हाला?

रातराणी:
इंग्रजीत नाही हा अन्याय आहेच, पण तो गेम विकणाऱ्यांचा, कथेचा नाही ना. हारादाचं मान्य, तो व्रण सुंदर आहे. पण दलातला तलवारबाज ओकिता? मूळ गेममध्ये तो हसत हसत मारून टाकेन म्हणतो आणि आपण ते त्याचा स्वभाव म्हणून सोडून देतो. रेइमेइरोकुत तो कोन्दोच्या उपयोगी पडायचं म्हणून पहिल्यांदा माणूस मारायला उतावीळ झालेला पोरगा आहे आणि हिजिकाता त्याला अडवायला बघतो. मग त्यांची पुढची सगळी खेचाखेची, ते होग्योकु नावाने लिहिलेल्या हायकूंवरून चिडवणं (खरा हिजिकाता खरंच याच नावाने हायकू लिहायचा), हे सगळं एकदम दुखायला लागतं.

कोजागिरी:
मी दोघांच्या मधे. साइड मटेरियल आणि ठिगळ यात फरक करा. झुइसोरोकुसारखी फॅनडिस्क (चाहत्यांसाठीचा जोड-गेम) घटनांच्या मधल्या रिकाम्या जागा भरते, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण मूळ गेमच्या नंतरच्या वाढीव आवृत्तीत, शिंकाईमध्ये, म्हणजे क्योतो विंड्स आणि एदो ब्लॉसम्स, तलवारबाज इबा हाचिरो आणला आणि तो म्हणे चिझुरुला लहानपणापासून ओळखतो! इतकी वर्षं तिच्या आठवणीत त्याचा मागमूस नाही आणि आता अचानक? खऱ्या इबाने १८६८ मध्ये हाकोनेच्या लढाईत डावा हात गमावला आणि तरी पार उत्तरेत हाकोदातेपर्यंत लढायला गेला, या माणसाला बालपणीच्या ओळखीची कुबडी लागते का?

शेवंती:
इबावर एकदम सहमत. मला वाटतं सगळ्यात खोल साइड मटेरियल इतिहास आहे. मिबूतलं यागींचं घर अजून उभं आहे, चौकटीवर तलवारीची खूण दाखवतात, आणि ते बसकं लिहायचं मेज, ज्याला अडखळून सेरिझावा पडला असं सांगतात. पावसाची रात्र, शिमाबाराच्या रंगवस्तीतून पिऊन परतलेला माणूस, आणि त्याच्यावर तुटून पडलेले त्याचेच लोक. आणि दलातले नागाकुरा आणि साइतो १९१५ पर्यंत जगले हे कळल्यावर तर, नागाकुराने म्हातारपणी आठवणी सांगून ठेवल्या म्हणून तर आपल्याला एवढं माहीत आहे, त्यांचे रूट परत खेळताना मला रडू आलं होतं.

धुकं:
इतिहास वाचा, हे मी शंभर वेळा म्हणेन. पण तेव्हाही मूळ गेम आपल्या पायावर उभा राहायला हवा आणि माझ्या मते राहतो. सेरिझावा न दाखवण्यातच जोर आहे. चिझुरुला कळत नाही, कुणी नीट सांगत नाही, सगळे त्याच्याबद्दल गप्प होतात, आणि त्या गप्प बसण्यातून आपण ओळखायचं की या लोकांनी काहीतरी केलंय. रेइमेइरोकु ते सगळं उजेडात आणून ठेवतो.

रातराणी:
म्हणूनच तर मी कुणालाही रेइमेइरोकु आधी बघू देत नाही. आधी मूळ गेम, निदान हिजिकाता आणि ओकिताचा रूट पुरा, मग प्रीक्वेल, मग परत मूळ गेमचं सुरुवातीचं प्रकरण, जिथे ते चिझुरुला जिवंत ठेवायचं की नाही यावर बोलत बसलेत. धुकं, तेवढं एक प्रकरण परत खेळ आणि मग सांग, हिजिकाताचा आवाज तुला तोच वाटतो का.