मदत हवी आहे : मेडिकलवर मारहाण, पोलीस नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतात

तडकनाथ :
काल रात्री बहिणीला काउंटरवर मारहाण झाली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलम (चिंता-घबराटीवरची गोळी) दिली नाही, एवढंच कारण. हात पिरगाळला, काच फोडली. ठाण्यात एनसी लिहून घेतली आणि वर म्हणे, कोर्टात जा. डॉक्टरवर हात उचलला की अजामीनपात्र गुन्हा, मग फार्मासिस्टचं काय? कोणतं कलम लावायला सांगू? संध्याकाळी परत जायचंय, पटकन सांगा.

खडूस_नाना :
यात विचारायचं काय! डॉक्टर-दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. प्रिंट काढा आणि साहेबांच्या टेबलावर आपटा.

गोळीबिंदू :
नाना, आपटण्याआधी व्याख्या वाचा. डॉक्टर, नर्स, या दोन्हींचे विद्यार्थी आणि पॅरामेडिकल कर्मचारी, तेही दवाखाना-हॉस्पिटलसारख्या संस्थेत काम करणारे. हॉस्पिटलच्या फार्मसीतला पगारी माणूस पॅरामेडिकलमध्ये बसवता येईल. नाक्यावरचं मेडिकल नाही बसत. तडकनाथ, दुकान नक्की कुठे आहे?

खडूस_नाना :
मग कोविडमध्ये आम्ही शटर वर ठेवलं ते हौसेनं का?

गोळीबिंदू :
कोविडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारी २०२० ची दुरुस्ती साथरोग कायद्यातली होती. साथ संपली, विषय संपला. माझ्यावर चिडून काय उपयोग?

कडू_काढा :
अल्प्राझोलम शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येते. चिठ्ठी लागतेच, वर वेगळ्या रजिस्टरात नोंद, ती ३ वर्षं जपायची. ताईंनी बरोबर केलं. बाकी डॉक्टरांच्या अक्षरावर कुणीतरी धागा काढा राव. परवा एका चिठ्ठीवर आम्ही तिघं बसलो होतो, शेवटी पेशंटलाच विचारलं.

लवंगी_मिरची :
पेपर स्प्रे ठेवा गल्ल्याखाली. कलमं गेली उडत.

तडकनाथ :
दुकान स्वतंत्र आहे, बाजारपेठेत. तिचं नाही, ती पगारावर आहे. मालक म्हणतो मिटवून टाक, गिऱ्हाइकं तुटतील.

कोर्टकचेरी :
साधी दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहिता ११५(२), अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून एनसी. पोलीस त्यात चुकलेले नाहीत. पण ताईंची वैद्यकीय तपासणी केली का? एक्सरे? माणूस काउंटरच्या आत आला होता का?

तडकनाथ :
आत घुसला होता, सीसीटीव्हीत दिसतंय. एक्सरे आज दुपारी काढला, करंगळीचं हाड मोडलंय.

कोर्टकचेरी :
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! हाड मोडलं की ती गंभीर दुखापत. ११७(२), दखलपात्र, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. आत घुसल्याबद्दल गृह-अतिक्रमणाचं कलमही मागा. एक्सरेचा रिपोर्ट जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी एफआयआर नाही घेतला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (पोलीस-कोर्टाच्या कार्यपद्धतीचा कायदा) १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. आणि फुटेज आजच काढून घ्या, डीव्हीआरवर (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरवर) जुनं आपोआप पुसलं जातं.

खडूस_नाना :
तरी २०१० चा लावून बघायला काय हरकत आहे?

तडकनाथ :
डीव्हीआर मालकाच्या केबिनमध्ये आहे. फोन उचलत नाहीये.

कोर्टकचेरी :
मग अर्जातच लिहा, फुटेज मालकाच्या ताब्यात आहे, जप्त करावं. मालकाची परवानगी लागत नाही त्याला.

लवंगी_मिरची :
डीव्हीआर कुठल्या कंपनीचा आहे? आमचा महिन्याभरातच बंद पडला.