डेबियनच्या वेबसाइटने डब्ल्यूएमएल सोडावं का?

रात्रपाळी:
डिसेंबर २०२० मध्ये डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेबसाइटचं मुखपृष्ठ बदललं, डाउनलोडचं बटण समोर आलं. आतली पानं मात्र पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणाऱ्या डब्ल्यूएमएल या जुन्या साधनानेच बांधली जातात. आज हे नव्याने कोण शिकणार? मागे कॉलेजच्या दोन मुलांना एक चुकलेली ओळ दुरुस्त करायला बसवलं. काम दोन मिनिटांचं, पण आपल्या मशीनवर पान बांधून बघेपर्यंत अख्खी संध्याकाळ गेली. मुलं पुन्हा फिरकली नाहीत. स्वयंसेवकांच्या जिवावर चालणाऱ्या प्रकल्पाला हे परवडत नाही. मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात पान लिहायची सोपी पद्धत, घ्या, आणि त्याच झपाट्यात निम्मी पानं काढून टाका.

पानोपानी:
ठाम विरोध. मी भाषांतराकडून बोलतेय. प्रत्येक भाषांतरित पानाच्या डोक्यावर 'ट्रान्सलेशन-चेक'ची ओळ असते. मूळ इंग्रजी पानाच्या कुठल्या कमिटवरून, म्हणजे नोंदवलेल्या बदलावरून, भाषांतर केलं, त्याचा हॅश (ओळखीचा अक्षर-अंकांचा संकेत) तिच्यात असतो. मूळ पान पुढे गेलं की कुठलं भाषांतर मागे पडलं ते लगेच कळतं. फारच मागे पडलं तर वाचणाऱ्यालाही सूचना दिसते. २०१८ साली फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या सीव्हीएस या जुन्या साधनावरून गिट या नव्या साधनावर जाताना या ओळींतले आवृत्ती क्रमांक काढून तिथे हॅश घालावे लागले. एवढ्या कष्टाने बसवलेली घडी नव्या साधनाच्या हौसेपायी मोडायची?

जुना_गडी:
दोघंही साधनावरून भांडताय. माझ्या भावाच्या लॅपटॉपला वायफायसाठी फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) असलेली आयएसओ, म्हणजे डेबियन बसवायची फाइल, हवी होती. असलं फर्मवेअर मुक्त नसल्याने ती तेव्हा अनधिकृत, त्यामुळे आडवळणाला ठेवलेली. बिचाऱ्याने तीनदा चुकीची फाइल उतरवली. इन्स्टॉलर मराठीत चालतो हो, पण तिथवर पोचायचं कसं? हे काही डिझाइनने सुटलं नाही. डेबियनच्या सदस्यांच्या २०२२ च्या मतदानाने सुटलं, आणि २०२३ मध्ये डेबियन १२ च्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर आलं. आधी धोरण ठरवा, पानाचं मग बघू.

रात्रपाळी:
धोरणाचं पटलं. पण पुढचं धोरण पानावर लिहायला माणूस तर हवा ना? आणि हॅश मार्कडाउन फाइलच्या माथ्यावरही ठेवता येतो, त्यासाठी डब्ल्यूएमएलच कशाला?

पानोपानी:
ठेवता येतो ना? मग एकच विभाग घ्या, त्याच्या सगळ्या भाषांतरांसकट हलवून दाखवा. मूळ पानात मुद्दाम एक ओळ बदला. मागे पडलेली भाषांतरं आपोआप सापडली, तर पुढच्या विभागाला मी स्वतः हात लावते. निम्मी पानं काढायला मात्र तेव्हाही माझा विरोधच राहील.