मसाईंना उठवून सवाना वाचणार आहे का?

अनघा के.
टांझानियातल्या लोलिओंडोत जून २०२२ मध्ये सरकारने १५०० चौरस किलोमीटर कुरणावर राखीव क्षेत्राच्या हद्दीचे खांब रोवले. तिथले गुरं पाळणारे मसाई आडवे आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, एक पोलीसही मारला गेला. शेजारच्या न्गोरोन्गोरो संवर्धन क्षेत्रातून शेकडो किलोमीटर लांब म्सोमेराला माणसं हलवणंही त्याच वर्षी सुरू झालं. १९५९ मध्ये याच लोकांना सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून काढलं, तेव्हा न्गोरोन्गोरोत राहू देण्याचा शब्द दिला होता. ज्यांच्या गुरांशेजारी झेब्रे आणि विल्डबीस्ट (गवतावर जगणारी मोठी हरणं) पिढ्यानपिढ्या चरत आले, त्यांनाच उठवायचं हा अन्याय आहे. आणि त्याने प्राणीही वाचणार नाहीत.

विश्वास, चंद्रपूर
तळमळ कळते, पण १९५९ मध्ये न्गोरोन्गोरोत आठेक हजार माणसं होती, आता लाखाच्या आसपास आहेत. पाऊस चुकला की पाणवठा कोणाचा? केनियाच्या गवताळ मुलखात तर १९७७ ते २०१६ या काळात वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले. आमच्याकडे ताडोब्याभोवती वाघाने माणूस मारला की गाव कसं पेटतं ते मी बघतो. गाभा क्षेत्र मोकळंच हवं.

अनघा के.
ते ६८ टक्के मसाईंच्या गुरांच्या माथी मारू नका. केनियाच्या नारोक जिल्ह्यात लोइटाच्या माळावर ट्रॅक्टर फिरले, गहू पिकला आणि विल्डबीस्टची विणीची जागाच गेली. सामायिक कुरणांच्या वाटण्या झाल्या, मग तारेची कुंपणं आली. केनियाच्या राष्ट्रीय उद्यानांच्या आतही प्राणी घटलेच की! तिथे कुठे वस्ती होती?
२००५ पासून केनियाच्या मसाई मारा अभयारण्याभोवती ओल किन्येई, नाबोइशो असे गावकऱ्यांच्या जमिनीवरच्या संवर्धनाचे प्रयोग झाले. शेजाऱ्यांनी आपापले तुकडे एकत्र केले, कुंपण घालायचं नाही असं ठरवलं. पर्यटन तळ दरमहा जमीनभाडं देतात. गुरं पाळीपाळीने चरतात.

सायली, नैरोबी
अनघा, तिकडचा बोमा, म्हणजे गुरांचं काटेरी वाडगं, जवळून बघितलंय. आता काट्यांच्या जागी खांब रोवून जाड जाळी लावतात, काही ठिकाणी सिंहांना बिचकवायला रात्रभर दिवे उघडझाप करतात. जनावरं वाचली की सिंहावर विष घालायची वेळ येत नाही. हे काम करतं. पण भाडं सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळतं, आणि नाव बहुतेक पुरुषाचं. विधवा बाई, वाटणीत सुटलेलं घर, यांच्या हाती काय? चराई मात्र त्यांचीही बंद होते.

विश्वास, चंद्रपूर
सायलीताईंनी मुद्द्याला हात घातला. त्यात २०२० मध्ये विमानं थांबली आणि भाड्याला कात्री लागली. परदेशी पाहुण्याच्या सुट्टीवर सिंहाचा जीव टांगायचा का? नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून गावांच्या संवर्धन संस्थांना प्राण्यांवर हक्क दिले. तिथे शिकार परवान्यांचा पैसाही गावाला जातो. ते चालेल तुम्हाला?

अनघा के.
मला शिकार आवडत नाही, पण निर्णय गावाचा असेल तर चालेल. नामिबियात तो गावाचा आहे, लोलिओंडोत नव्हता. माझा आक्षेप तिथेच आहे.

सायली, नैरोबी
गावाचा म्हणजे गावातल्या कोणाचा, हे आधी ठरू दे. माराच्या भाडेकरारांवर बायकांच्या सह्या हव्यात, आणि दुष्काळात चराई कुठवर उघडायची हे करारातच लिहिलेलं हवं.