‘मन वळवणे’, ‘पटवणे’ की ‘पटवून देणे’?

प्रश्न : नव्यानेच गटप्रमुख झालेल्यांसाठी एक प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करतोय. एका प्रकरणाला ‘मन वळवण्याचे कौशल्य’ असं नाव दिलं होतं. सहकारी म्हणाली, “वळवायचं म्हणजे समोरचा आधीच भलत्या वाटेला लागलाय, असं तू गृहीत धरतोयस.” तेव्हापासून अडलोय. ‘पटवणे’ लिहिलं तर वर्गात खसखस पिकणार.

– पिकणारच! पण दोष क्रियापदाचा नाही, कर्माचा आहे. ‘त्याला पटवलं’ यात कर्म माणूस. ‘त्याला मुद्दा पटवून दिला’ यात कर्म मुद्दा, आणि माणूस घेणाऱ्याच्या जागी. मुद्दा पटवून दिला तर कुणी हसत नाही. मुळात ‘पटणे’ हे जुळण्याचं क्रियापद आहे: ओळख पटते, खूण पटते, दोघांचं पटतं किंवा पटत नाही. ‘मला पटलं’ या वाक्यात तर पटवणारा कुठेच नाही. मी आहे आणि ती गोष्ट आहे.

– ‘अनुनय’ चालेल का?

– संस्कृतात छान शब्द. मराठी वर्तमानपत्रांनी तो ‘अनुनयाचे राजकारण’ करून लांगूलचालनाच्या पंक्तीला बसवलाय. सोडा.

– मला वाटतं, या शब्दांना उतार असतो. मनधरणी करणारा खाली उभा असतो, रुसलेला वर. ‘समजावणे’ उलटं, त्यात समोरच्याला थोडं लहान धरलेलं असतं. ‘गळ घालणे’ला मुद्दा लागतच नाही, ओळख पुरते. ‘भरीस पाडणे’ म्हटलं की पुढे पस्तावणं आलंच. आणि ‘गळी उतरवणे’ तर कडू काढाच; मीटिंगनंतर “शेवटी गळी उतरवलं एकदाचं” असं अभिमानाने सांगणारे साहेब पाहिलेत मी. सपाट जमिनीवरचा शब्द मला एकच दिसतो, ‘पटवून देणे’.

– मग प्रकरणाचं नाव ‘पटेल असे बोला’ ठेवा की.

– आडनाव वाटेल हो! अनुक्रमणिकेत तर हमखास.

प्रश्नकर्ता : ‘मुद्दा पटवून देताना’ ठेवतो. ‘कौशल्य’ काढून टाकलं, तसंही ते प्रत्येक प्रकरणाला चिकटलं होतं. ‘परिणामकारक संवाद’ही बाद, कारण परिणाम धमकीचाही होतो.

– एक भर घालतो. आमच्याकडे कामाच्या पाळ्या बदलायच्या होत्या. प्रमुख बाईंनी तक्ता दाखवला आणि विचारलं, “समजलं ना सगळ्यांना?” माना डोलल्या. दोन आठवडे जुन्याच पाळ्या चालू. पुढच्या बैठकीत बाईंनी तोच तक्ता लावला, फक्त क्रियापद बदललं: “पटलंय का?” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एकजण म्हणाला, “समजलंय, मॅडम.”