विषय: भाच्याचं खातं अडकलंय – अनोळखी माणसाला यूएसडीटी विकण्याआधी वाचा

मंडळी, नमस्कार.

सुट्टीवर परभणीला आलेय. मोंढ्यात सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी लागलीय, पण आमच्या घरात आठ दिवसांपासून सगळे एका मोबाइलभोवती बसलेत. आपल्यातल्या बऱ्याच जणांची लेकरं हा व्यवहार करतात, म्हणून सविस्तर लिहिते.

भाचा घरी बसून परदेशी गिऱ्हाइकांच्या वेबसाइटची कामं करतो. काहीजण मोबदला यूएसडीटीत, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेल्या डिजिटल कॉइनमध्ये देतात, तो हा पी टू पी ॲपवर (जिथे माणूस थेट माणसाला कॉइन विकतो) रुपयांत विकतो. गेल्या महिन्यात एकानं चालू भावापेक्षा दीड रुपया जास्त लावला आणि ‘पुढचं व्हॉट्सॲपवर बोलू’ म्हणाला. खात्यात आयएमपीएसनं ४८,००० रुपये आले. लेकरानं नुसत्या मेसेजवर भरवसा ठेवला नाही, बँकेचं ॲप उघडून शिल्लक पाहिली. पाठवणाऱ्याचं नाव मात्र वेगळं होतं. विचारलं तर उत्तर आलं, ‘माझी लिमिट संपली, मेव्हण्याच्या खात्यातून टाकलेत.’ यानं कॉइन सोडले. अकराव्या दिवशी खात्यावर लिएन लागली, म्हणजे बँकेनं खात्यातले पैसे रोखून धरले. पंपावर पेट्रोल भरताना शंभर रुपयेसुद्धा निघेनात, तेव्हा कळलं.

बँकेतून तक्रारीचा नंबर आणि पोलिस ठाणं कळलं, ते दुसऱ्या राज्यातलं निघालं. तिथल्या अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं ते ऐकून आम्ही सुन्न झालो. ते पैसे एका कास्तकाराचे होते. जुना रोटाव्हेटर विकायचाय अशी मोबाइलवर जाहिरात पाहून त्यानं इसार पाठवला होता. ठगानं त्याला खाते नंबर दिला तो आमच्या भाच्याचा! कास्तकाराला वाटलं, रोटाव्हेटरवाल्याला पैसे दिले. भाच्याला वाटलं, यूएसडीटी घेणाऱ्यानं दिले. मधल्या माणसानं दोघांनाही तोंड न दाखवता कॉइन नेले. रोटाव्हेटर आला नाही तेव्हा त्या कास्तकारानं सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि पैशाचा माग काढत काढत पोलिस आमच्या दारापर्यंत आले.

माझी बहीण मला विचारते, ‘आपल्याकडून कुणाचे पैसे खाल्ले गेले का गं?’ तिला काय सांगू?

– ताई (परभणीहून)

---

ताई, वाचून जीव खाली-वर झाला. आमचा मुलगा इथे टेक्सासला कॉलेजात आहे. फीसाठी थोडे बिटकॉइन विकणार आहे. घेणारा ओळखीचा नाही, पण बँकेचा चेक देतो म्हणतोय, चेक खात्यात जमा दिसला की मगच कॉइन दे म्हणतो. इथे तर असं होणार नाही ना?

– वहिनी, डॅलस

---

वहिनी, आज रात्रीच मुलाला फोन करा आणि तो चेक घेऊ देऊ नका.

मी इथल्या बँकेत वीस वर्षं काढली. अमेरिकेत चेकची रक्कम ठरावीक दिवसांत खातेदाराला वापरू देणं बँकेवर कायद्यानं बंधनकारक आहे. खात्यात आकडा दिसतो, पैसे काढताही येतात, पण तेव्हा तो चेक वटलेला असतोच असं नाही. खोटा निघाल्याचं कधी कधी काही आठवड्यांनी कळतं आणि बँक सगळी रक्कम तुमच्याच खात्यातून परत घेते. बँकेच्या नावाचा कॅशियर्स चेक म्हणाला तरी तो खोटा छापलेला असू शकतो. एसीएचनं (बँकेतून बँकेत पैसे वळवायची इथली यंत्रणा) कुणाच्या खात्यातून पैसे ओढले असतील, तर तो ग्राहक ६० दिवसांपर्यंत ‘हे मी केलेलं नाही’ म्हणू शकतो. पेपालवर तक्रारीची मुदत १८० दिवस आहे. झेल या पैसे पाठवायच्या इथल्या सेवेचे पैसे क्षणात येतात, पण पाठवणाऱ्याचं खातं चोरलेलं असेल तर तेही अडकतात.

आता बिटकॉइनची बाजू बघा. साधारण दहा मिनिटांनी व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, जोडला जातो, सहा ब्लॉक झाले की तासाभरात व्यवहार पक्का. त्यानंतर तक्रार करायला खिडकीच नाही. एका बाजूला महिने उलटले तरी परत फिरणारा पैसा आणि दुसऱ्या बाजूला तासाभरात कायमची गेलेली वस्तू. ठगाला हाच फरक हवा असतो. यूएसडीटी काढणारी कंपनी पोलिसांच्या मागणीवरून एखादं वॉलेट गोठवू शकते, पण तोवर कॉइन बहुधा चार ठिकाणी फिरलेले असतात.

मुलाला मोठ्या एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, विकू द्या. तिथे पैसे एक्स्चेंजकडून येतात, घेणाऱ्याचा तुमच्या बँक खात्याशी संबंधच येत नाही. दर थोडा कमी मिळेल, मिळू द्या.

ताई, भारतातल्या लेकरांसाठीही लिहितो. एफआययूकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा) नोंदलेलं एक्स्चेंज वापरावं. पी टू पीच करायचं असेल तर ॲपवरचं केवायसीचं नाव आणि बँकेत पैसे पाठवणाऱ्याचं नाव अक्षरशः एकच हवं. मेव्हणा, मित्र, फर्म, काहीही चालवून घेऊ नका. नाव जुळलं नाही तर कॉइन सोडू नका. सौदा पुरा होईपर्यंत ॲप कॉइन स्वतःकडे राखून ठेवतं, त्याला एस्क्रो म्हणतात; त्यात ते अडकलेले असतात तेव्हाच तिथे वाद नोंदवा. पैसे परत करायचे तर बँकेमार्फत, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. ‘या दुसऱ्या नंबरवर टाक’ म्हणाला तर तो दुसरा सापळा. आणि पगाराचं किंवा घरखर्चाचं खातं या कामाला कधीच लावू नका.

भाच्यानं कागद गोळा करावेत: ऑर्डर नंबर, पूर्ण चॅट, वॉलेटवरचा ट्रान्झॅक्शन आयडी, बँक स्टेटमेंट. २०२२ पासून लागू झालेला १ टक्का टीडीएस कापला गेला असेल तर त्याची नोंदही जोडा. ‘खातं खुलं करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

– काका, न्यू जर्सी (मूळ लातूर)

---

काका, तुमचा मेल भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवला. ‘मेव्हणा’ शब्दाशी तो थांबला. म्हणाला, ‘मावशी, मला तेव्हाच खटकलं होतं.’ दीड रुपया जास्त मिळत होता, म्हणून खटकलेलं त्यानं बाजूला सारलं.

वहिनी, मुलाचं काय झालं ते कळवा.

आज बँकेत जाऊन लेखी अर्ज दिला की वादातले ४८,००० रुपये रोखून ठेवा, पण बाकी रक्कम मोकळी करा. त्यात घराच्या हप्त्याचे पैसे आहेत. शिक्का मारलेली पोच घेतली. सगळे कागद त्या ठाण्याला मेलनं पाठवले. कोर्टाच्या आदेशानं पैसे कास्तकाराला परत जातील असं अधिकारी म्हणाले. बहिणीनं फोन मागून घेतला आणि त्यांना एवढंच विचारलं, ‘साहेब, त्यांची हरभऱ्याची पेरणी झाली का?’ त्यांना माहीत नव्हतं.

सोमवारी पुन्हा बँकेत जायचंय.

– ताई