गेलेल्या लेकीबद्दल बोलायचंय, तुम्हीही लिहा (अनुभव धागा)

रामबागवाली:
काल एका मुलाचा फोन आला, काकू डुप्लिकेट चावी आहे का हो. मला कळेचना कसली. मग म्हणाला ॲक्टिव्हाची, तुमच्याकडूनच घेतली ना आम्ही. कपाटात सापडली, तिच्या घुंगरांच्या कीचेनसकट. चावी दिली त्याला, कीचेन काढून घेतलं. मग रात्रभर तीच डोळ्यासमोर, आजारपणातली नाही हो, त्याच्या आधीची. भर चौराह्यावर रिक्षावाल्याशी अस्सल इंदुरीत भांडणारी, "ओ भिया, रोड क्या पिताजी का है". घरी कोणी आलं की आवाज खाली करून हॉस्पिटलचंच विचारतात, कितवी स्टेज होती, किमो किती झाले. ब्लड कॅन्सर निघाला तेव्हा ती एकवीसची होती, मग त्या आधीचं सगळं काय वाया गेलं?
टाटाला परळला होतो तेव्हा हिच्या उशाशी जिरावनाची, म्हणजे आमच्या पोह्यांवरच्या मसाल्याची, बाटली. पांढऱ्या पेशींचे काउंट पडलेले म्हणून वरून मसाला घालायची बंदी, तर ही झाकण उघडून नुसता वास घ्यायची आणि वर खिचडीचा घास. केरळच्या सिस्टरलाही वास दिला, ती बिचारी शिंकत सुटली 😂
तर लेक, बहीण, भाची, जी कोणी असेल तिचं लिहा. किमो बिमो मधे आलं तर येऊ दे.

मालवा_भिया:
काकू नमस्कार. आमची आठ वर्षांची, एएलएल, म्हणजे ब्लड कॅन्सरच. किमोच्या सलाइनना नावं ठेवलेली हिनं, मेथोट्रेक्सेट पिवळं म्हणून मँगो आणि डॉक्सोरुबिसिन लाल म्हणून रसना. रसना चढलं की शू लाल व्हायची तर बाथरूममधून ओरडून अख्ख्या वॉर्डाला बातमी. रंगपंचमीला गेर, म्हणजे आपली रंगांची मिरवणूक, बघायचीच म्हणून हट्ट, पण गर्दीत कसं नेणार, मग मला पाठवलं राजवाड्याला, व्हिडिओ काढून आणा, रंग उडवणारा टँकरवाला हवा, मिसाइलवाला पण हवा. तसाच रंगलेला घरी आलो तर दारातच अडवलं. "बाबा आंघोळ केल्याशिवाय आत नाही, माझे काउंट माहितीयेत का तुम्हाला?" अंगणात नळाखाली बसलो आणि ही खिडकीतून सूचना देतेय, कानामागे राहिलाय, अजून राहिलाय. शेजारचे जोशीकाका बघून हसतायत. त्या दिवसाचा मोबाइल गेला, व्हिडिओही गेला. लिहिताना हसूच येतंय खरं तर, बायको विचारतेय काय झालं.

देवासकर:
🙏🙏 काय लिहू

नर्मदेकाठची:
रामबागवाली ताई, जिरावन वाचून लगेच तोंडाला पाणी सुटलं, सॉरी 🙈 पुण्यात पोह्यांवर कोणी घालतच नाही आणि पोहे वाफवत पण नाहीत, फोडणीत परतून वाळवून टाकतात.

पुण्याचीच_मी:
ओ, आमच्या पोह्यांना नावं ठेवू नका, धागा कसला चाललाय बघा जरा

रामबागवाली:
अगं भांडा की, तिला आवडलंच असतं. ती पण पुण्याला गेली की मावशीशी हेच भांडण.

छोटीची_ताई:
माझी धाकटी बहीण. गुडघा दुखतो म्हणायची, सगळ्यांना वाटलं खो-खोत लागलं असेल, ऑस्टिओसार्कोमा निघाला, हाडाचा कॅन्सर. मला तिचा राग पण येतो कधीकधी, माझे सगळे कानातले वापरून एकेक हरवायची, जोडी म्हणून एक धड नाही ठेवली. अजून तसेच एकेकटे पडलेत डब्यात. आई म्हणते टाकून दे. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या (चित्ररथ) बघायला रात्रभर जागायची आणि हुकुमचंद मिलची आली की चीअर करायची, कारण आजोबा तिथे होते, जसं काही मॅच चालूये. कुकर झाला, नंतर लिहिते.

अवंतिकेचा_प्रवासी:
कोणी सध्या मुंबईला ट्रीटमेंटला जात असेल त्यांच्यासाठी लिहितो, आम्हाला खूप उशिरा कळलं होतं. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सूट आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. सेकंड एसीला दोघांना ५० टक्के. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्याचं सर्टिफिकेट घ्यायचं. आणि राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, टाटाचे पेशंट तिथे असतात, चौकशी करा. पुतणीबरोबर मी जायचो, ती वरच्या बर्थवर चढून टीसीला म्हणायची, अंकल मी व्हीआयपी आहे, फ्री. बाकीचं नाही लिहवत.

मालवा_भिया:
अरे दादा, हे प्रिंट काढून लावायला पाहिजे प्रत्येक वॉर्डात.

छोटीची_ताई:
आले. प्लेटलेट्सचं पण लिहा कोणीतरी, त्या पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून सारखे डोनर लागतात. हिच्या वेळी तिच्या क्लासची मुलं आलेली, एक जण सुई बघूनच आडवा, त्यालाच दोन सिस्टर उचलतायत आणि ही व्हीलचेअरवरून टाळ्या वाजवतेय.

नर्मदेकाठची:
मला द्यायच्यात खरं तर. मशीनवर तास-दीड तास बसवतात ना? वजन ४८ आहे माझं, चालेल?

छोटीची_ताई:
मशीनवाल्याला पन्नास किलो लागतं ताई. ॲस्पिरिन घेतली असेल तर तीन दिवस थांबायचं.

मालवा_भिया:
दोन किलोच ना? इंदूरला या, आठ दिवस छप्पन दुकानवर पोहे-जलेबी, वरून रात्री सराफ्यात गराडू, तळलेला कंद. ब्लड बँकेत मी सोडतो.

नर्मदेकाठची:
दिवाळीनंतर येतेय. गराडू तेव्हा मिळतात ना पण?